टॅटू स्टुडिओतला कचरा: सुई, ग्लव्ज, शाई नेमकी कुठे टाकायची (नवीन स्टुडिओवाल्यांसाठी)

नवीन स्टुडिओ टाकायचा म्हटलं की पोरं मशीन कुठलं घेऊ, शाई कुठल्या कंपनीची, खुर्ची हायड्रॉलिक का साधी, बोर्डावर लाइट कसला लावू हे सगळं विचारतात, आणि आपण उलट विचारलं की बाबा कचऱ्याचं काय करणार, तर "घंटागाडी येते ना" म्हणून मोकळे होतात. तर हे सगळं घंटागाडीत जात नाही. काही जातं, काही अजिबात नाही, आणि जे जात नाही ते कोण उचलतं हे शोधायला मला पुण्यात बरीच ऑफिसं हिंडावी लागली, प्रत्येकाने अर्धी अर्धी माहिती दिली, ती जोडून इथे लिहितोय. पुण्याचा अनुभव असला तरी नियम देशभर तेच आहेत, त्यामुळे नाशिक, कोल्हापूर, पणजी कुठेही असाल तरी फार फरक पडणार नाही, फक्त ऑफिस आणि गाडीवाला बदलेल.

पुण्यात बऱ्याच भागात दारावर कचरा घ्यायला 'स्वच्छ' संस्थेच्या ताई येतात. आपण पिशवी दिली की काम संपलं असं आपल्याला वाटतं, पण त्या ताई ती पिशवी ढकलगाडीवर उघडतात, ओलं-सुकं हाताने वेगळं करतात, प्लास्टिक-पुठ्ठा बाजूला काढतात कारण भंगाराचे पैसे त्यांचे असतात. म्हणजे तुमच्या काळ्या पिशवीत कुणाचा तरी हात जाणार हे ठरलेलंच आहे. हातात रबरी मोजे असले तरी टॅटूची सुई त्यातून आरपार जाते. आणि हिपॅटायटिस बी चा व्हायरस वाळलेल्या रक्तात निदान ७ दिवस जिवंत राहू शकतो, त्यामुळे "काल रात्रीची सुई आहे, वाळली आता" याला काही अर्थ नाही. पुढचं सगळं हे डोक्यात ठेवून वाचा.

१. आधी कचऱ्याचे ढीग ओळखा

एका सेशननंतर टेबलावर जे उरतं त्याचे चार-पाच प्रकार होतात. हॉस्पिटलमधले रंग तेच इथे वापरायचे, वेगळं काही शोधत बसू नका, कारण दवाखान्याचा कचरा नेणारा गाडीवाला (घंटागाडीवाला नव्हे) त्याच रंगांनी घेतो.

पांढरा डबा (टोचणारं सगळं): कार्ट्रिज (मशीनला लावायची, आत सुया असलेली प्लास्टिकची नळी), जुन्या पद्धतीच्या बार म्हणजे लांब दांडी असलेल्या सुया, रेझर, पिअर्सिंग करत असाल तर त्याची पोकळ सुई, स्टेन्सिल (डिझाइन अंगावर उमटवायचा कागद) कापायचं ब्लेड रक्ताला लागलं असेल तर तेही. कार्ट्रिज प्लास्टिकचं दिसतं म्हणून पुष्कळ जण ते लाल पिशवीत टाकतात. नाही. आत सुई आहे ना, मग ते पांढऱ्यात, अख्खंच्या अख्खं, फोडून सुई वेगळी काढायच्या भानगडीत पडायचं नाही. दवाखान्यात सुई कापायचा जो कटर असतो त्यात आपलं कार्ट्रिज बसतही नाही, त्यामुळे कुणी तो विकायला आला तर घेऊ नका.

पिवळी पिशवी (रक्ताने, प्लाझ्माने म्हणजे जखमेतून झरणाऱ्या पाण्याने माखलेलं): टिश्यू, कापूस, गॉज, खाली अंथरलेला डेंटल बिब, व्हॅसलीन काढायची लाकडी काडी, अंगाला लावलेला स्टेन्सिलचा कागद.

लाल पिशवी (माखलेलं प्लास्टिक): ग्लव्ज, मशीनवरची आणि वायरवरची पिशवी, टेबलावरची बॅरियर फिल्म, स्प्रे बाटलीचं कव्हर, शाईचे छोटे कप, डिस्पोजेबल ग्रिप म्हणजे मशीनची एकदाच वापरायची मूठ (सुई काढलेली असेल तरच. अडकून बसली असेल तर ग्रिपसकट पांढऱ्यात).

निळा: काचेसाठी असतो. आपल्याकडे काच जवळपास नसतेच, सोडून द्या.

साधा सुका कचरा: कार्ट्रिजचं वरचं पाकीट, ग्लव्जचा खोका, टिश्यू रोलची पुठ्ठ्याची नळी, अंगाला न लागलेला जांभळा कार्बन, बिलं. हे नेहमीच्या सुक्या कचऱ्यात. चहाचे कप आणि क्लायंटने आणलेला वडापावचा कागद पिवळ्या पिशवीत घालू नका, गाडीवाले वजनावर किंवा पिशवीवर पैसे लावतात, आणि एकदा का पिवळ्या पिशवीत वाटेल ते जायला लागलं की मग कुणालाच कशाचं काही वाटत नाही.

रंग का पाळायचे तेही सांगतो, नाहीतर पाठांतर होतं आणि घाईत विसरतं. पिवळी पिशवी भट्टीत जळते. लाल पिशवीतलं प्लास्टिक आधी ऑटोक्लेव्ह होतं (दाबाखालच्या गरम वाफेत निर्जंतुक होतं), मग मशीनमध्ये तुकडे होतात आणि पुढे रिसायकलिंगला जातं. पांढऱ्या डब्यातलं निर्जंतुक करून त्याचे तुकडे होतात आणि धातू वेगळा मार्गी लागतो. आता लाल पिशवीत चुकून एक कार्ट्रिज गेलं तर काय होईल बघा, त्या प्लांटवर पिशवी उचलणाऱ्या, उघडणाऱ्या माणसाला ते माहीतच नसणार, त्याच्या लेखी लाल म्हणजे न टोचणारं.

२. नियम नेमका काय म्हणतो

बायोमेडिकल वेस्ट मॅनेजमेंटचे, म्हणजे दवाखान्याच्या कचऱ्याचे, नियम २८ मार्च २०१६ चे आहेत, त्याआधी १९९८ चे होते. नियम कुणाला लागू त्याची जी यादी आहे तिच्यात हॉस्पिटल, दवाखाना, लॅब, ब्लड बँक, जनावरांचा दवाखाना, रक्तदान शिबिर, अगदी शाळेतली प्रथमोपचाराची खोली आहे, टॅटू स्टुडिओ हा शब्द नाही. शिवाय व्याख्येत निदान, उपचार, लसीकरण यातून निघालेला कचरा असं म्हटलंय, आणि टॅटू म्हणजे उपचार नव्हे. त्यामुळे एका टेबलावर तुम्हाला "तुम्हाला लागू नाही, जा" ऐकायला मिळेल आणि दुसऱ्या टेबलावर "परवानगी कुठाय" असं.

यातून बरेच जण सोयीचा अर्थ काढतात की लागू नाही म्हणजे कुठेही टाका. तसं नाहीये. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या सुया आणि माखलेलं गॉज हे घरातून निघालं तरी घातक कचरा धरलं होतं, ते वेगळंच द्यायचं असं म्हटलं होतं. म्हणजे डायबेटिसच्या पेशंटने घरी टोचलेली इन्सुलिनची एक सुई जर साध्या पिशवीत चालत नसेल तर दिवसाला मूठभर कार्ट्रिज काढणाऱ्या आपल्या दुकानाचं काय बोलायचं. कुठल्याही बाजूने गेलात तरी काळी पिशवी हे उत्तर येत नाही.

माझं मत सरळ आहे, दवाखान्याचे नियम आपल्याला लागू आहेत असं धरूनच चाला. जास्तीचं काही जात नाही.

३. आधी उचलणारा शोधा, मग डबे घ्या

सगळ्यात कॉमन फसगत इथे होते. ऑनलाइन लाल-पिवळे डबे मागवले, बायोहॅजर्डचं चिन्ह असलेल्या पिशव्या आणल्या, स्टुडिओचा फोटो झकास आला, आणि भरलेली पिशवी न्यायला कुणीच नाही. मग महिन्याभराने तीच पिवळी पिशवी काळ्या पिशवीत घालून रात्री कोपऱ्यावरच्या कंटेनरमध्ये. असे स्टुडिओ मी पाहिलेत, आणि इन्स्टावर हायजीनच्या पोस्ट टाकण्यात तेच पुढे असतात.

प्रत्येक भागासाठी बायोमेडिकल कचरा नेणारी, जाळणारी एक कॉमन फॅसिलिटी ठरलेली असते. ७५ किलोमीटरच्या आत अशी फॅसिलिटी असेल तर हॉस्पिटललाही स्वतःची भट्टी टाकता येत नाही, सगळ्यांनी तिथेच द्यायचं. तुमच्या भागाची कुठली ते शोधायचा सोपा मार्ग म्हणजे शेजारच्या डेंटिस्टला किंवा पॅथॉलॉजी लॅबवाल्याला विचारणं, त्यांच्याकडे त्या कंपनीची पावती, कार्ड काहीतरी असतंच. नाहीतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात विचारा, गोव्यात गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ. महापालिकेच्या आरोग्य खात्यातही सांगतात.

मग त्या कंपनीला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात "टॅटू स्टुडिओ" म्हणा. क्लिनिक वगैरे म्हणू नका, नंतर कागदावर अडकतं. सांगा की रोज साधारण किती सेशन होतात, महिन्याला सुयांचा किती लिटरचा डबा भरेल, पिवळा-लाल किती किलो होईल. काही जण लगेच मेंबर करून घेतात, काही जण आधी मंडळाचं ऑथरायझेशन आणा म्हणतात. आणा म्हटलं तर चिडू नका, मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर फॉर्म २ भरायचा असतो, आणि बेड नसलेल्या जागेला हे ऑथरायझेशन एकदाच घ्यावं लागतं, दरवर्षी रिन्यूची कटकट नाही. मंडळाने "तुम्हाला गरज नाही" असं सांगितलं तर तेवढंच लेखी मागा, ईमेलवर आलं तरी चालेल, आणि ते कंपनीला दाखवा. तोंडी उत्तरावर कधीही थांबू नका, टेबलावरचा माणूस बदलला की उत्तर बदलतं.

जवळ ठेवायचे कागद:
- शॉप अ‍ॅक्टची पावती (मुंबईत गुमास्ता म्हणतात तेच)
- पॅन आणि आधार
- भाडेकरार आणि जागेचं लाइट बिल
- महिन्याच्या कचऱ्याचा अंदाज, रंगाप्रमाणे, एका साध्या कागदावर
- स्टुडिओचा शिक्का आणि लेटरहेड (नसेल तर करून घ्या, दहा ठिकाणी लागतं)
- ऑथरायझेशन किंवा मंडळाचं लेखी उत्तर
- कंपनीशी झालेला करार आणि पैसे भरल्याच्या पावत्या

आता तो प्रश्न जो सगळेच विचारतात. शेजारी डॉक्टर ओळखीचे आहेत, त्यांच्या पिवळ्या डब्यात आपली पिशवी टाकली तर? डॉक्टर हो म्हणतीलही, पण त्यांच्या पिशवीवर त्यांचा बारकोड असतो, त्यातून काहीही निघालं तर जबाबदार ते, आणि त्यांचं ऑथरायझेशन त्यांच्या कचऱ्यापुरतं असतं. ओळखीचा फायदा कंपनीचा नंबर मिळवण्यापुरता घ्या. आणि अजून एक, भरलेला डबा स्वतःच्या अ‍ॅक्टिव्हावर ठेवून प्लांटला द्यायला निघू नका, असा कचरा ठरलेल्या खुणेच्या गाडीतूनच न्यायचा असतो.

४. सामान

कंपनी ठरली की ती पिशव्या देते का, बारकोडचे स्टिकर देते का ते विचारून मगच खरेदी करा.

- पायाने उघडायचे दोन डबे, पिवळा आणि लाल, झाकणासकट
- त्यात बसणाऱ्या क्लोरीन नसलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, बायोहॅजर्डचं चिन्ह असलेल्या
- प्रत्येक स्टेशनला एक पांढरा पंक्चर-प्रूफ डबा, झाकण एकदा लॉक झालं की उघडणार नाही असा
- सोडियम हायपोक्लोराइट (जंतू मारायचं ब्लीच), दुकानात नुसतं "हायपो" म्हटलं तरी देतात
- मोजायचा मग, झाकणाचा प्लास्टिकचा कॅन
- जाड रबरी मोजे (साफसफाईचे, नायट्राइल ग्लव्ज वेगळे)
- लांब चिमटा, खाली पडलेली सुई उचलायला
- छोटा वजनकाटा आणि एक वही

पांढरा डबा मिळेपर्यंत काय, असं कुणी विचारलंच तर हायपोचा किंवा लिक्विड सोपचा रिकामा जाड कॅन एखाद आठवडा चालवून घेता येतो, वर "सुया, उघडू नये" असं मार्करने लिहून. पाण्याची बाटली मात्र नाही म्हणजे नाही. दाबली की सुई बाहेर येते. करून बघायची गरज नाही, बाटली हातात धरून बघा किती पातळ आहे ते.

५. सेशनच्या आधी

कचरा किती आणि कसा होणार हे इथेच ठरतं. पांढरा डबा मशीनच्या हाताला, कोपर न उचलता पोचेल एवढ्या अंतरावर, टेबलाच्या उंचीवर ठेवायचा. जमिनीवर ठेवला तर वाकून टाकावं लागतं, मग आळस येतो, मग कार्ट्रिज ट्रेमध्ये पडून राहतं आणि शेवटी टिश्यूच्या बोळ्यात गुंडाळलं जातं. टिश्यूतली सुई ही सगळ्यात बेकार, दिसतच नाही.

शाई गरजेपुरतीच ओता. नवीन पोरं कप काठोकाठ भरतात, भारी दिसतं फोटोत, आणि अर्धी शाई टाकून द्यावी लागते. टिश्यू आधीच फाडून घडी करून ठेवा म्हणजे माखलेल्या ग्लव्जने रोलला हात लागत नाही, एकदा लागला की तो अख्खा रोल पिवळ्या पिशवीतला झाला. स्प्रे बाटली, लाइटचं हँडल, खुर्चीचा लिव्हर, जिथे जिथे हात जाणार तिथे फिल्म. थोडं प्लास्टिक जास्त जातं खरं, पण फिल्म नसेल तर ती वस्तूच माखते.

आणि कपाटं, ड्रॉवर आधीच उघडून लागणारं काढून ठेवा. मधेच "अरे ते जरा दे रे" झालं की समजायचं तयारी कच्ची होती.

६. सेशन चालू असताना

कार्ट्रिज बदलायचं असेल तर काढलेलं सरळ पांढऱ्या डब्यात. परत लागणार असेल, म्हणजे लाइनर (रेघांची सुई) काढून मॅग्नम (रंग भरायची सुई) लावला आणि पुन्हा लाइनर लागणार, तर बिबच्या एका ठरलेल्या कोपऱ्यावर, टोक आपल्यापासून पलीकडे करून. मशीनमधून सुटलं की सुई आत ओढली जाते म्हणून लोक निर्धास्त असतात, पण कार्ट्रिज मागच्या बाजूवर पडलं किंवा मागून दाब बसला की टोक बाहेर येतंच. टोपी परत बसवायची नाही, वाकवायची नाही, तोडायची नाही.

डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. वर खूण असते. खूण नसेल तर स्वतः मार्करने रेघ मारा. "अजून दोन मावतील" म्हणून वरून दाबणारे महाभाग असतात, हाताला लागते ती तिथेच. खालची सुई वर तोंड करून बसलेली असते.

रेझरमुळे डबा लवकर भरतो, दांडा लांब असतो ना. दांडा मोडून टाकायचा शहाणपणा नको, मोठ्या तोंडाचा डबा घ्या.

७. सेशन संपल्यावर, याच क्रमाने

क्लायंटला पुसून, फिल्म लावून बाजूला बसवा. फोटो, रील नंतर. माखलेले ग्लव्ज बदला, नवीन घाला, मोबाइल खिशात. मग:

पहिलं, मशीन बंद करून कार्ट्रिज काढा. दोन बोटांनी बाजूने धरायचं, टोक खाली, थोडं फिरवलं की सुटतं, आणि थेट डब्यात. ट्रेवर नजर फिरवा, जेवढी कार्ट्रिज उघडली तेवढी डब्यात गेली का. मी रिकामी पाकिटं सेशन संपेपर्यंत टाकत नाही, पाकिटं मोजायची आणि डब्यात गेलेली मोजायची, आकडा जुळला पाहिजे. जुळला नाही तर कुठेतरी टिश्यूत किंवा खुर्चीखाली आहे. तेव्हा पिशवीत हात घालून शोधायचं नाही, टॉर्च आणि चिमटा.

दुसरं, रेझर डब्यात.

तिसरं, शाईच्या कपात टिश्यूचा बोळा दाबून उरलेली शाई शोषून घ्या. बोळा पिवळ्यात, कप लाल पिशवीत. बेसिनमध्ये शाई ओतायची नाही, एक तर ती रक्त मिसळलेली, दुसरं म्हणजे बेसिनचा जो काय रंग होतो तो मालकाला दाखवायच्या लायकीचा राहत नाही.

चौथं, फिल्म, वायरची पिशवी, बाटलीचं कव्हर हे सगळं आतली बाजू बाहेर येईल असं उलटं करत काढून लाल पिशवीत.

पाचवं, टिश्यू बिबच्या मधोमध गोळा करून बिब चारी बाजूंनी आत दुमडत गुंडाळी करा आणि पिवळ्यात. बिबला मागून प्लास्टिक असतं म्हणून लाल का असं विचारतात. माखलेलं शोषून धरलंय, सोडवता येत नाही, पिवळ्यातच.

सहावं, टेबल, खुर्ची, ट्रे पुसून घ्या, ते टिश्यूही पिवळ्यात. शेवटी ग्लव्ज, एकात एक उलटे करून, लाल पिशवीत. मग साबणाने हात धुवा. सॅनिटायझर म्हणजे हात धुणं नव्हे.

क्रम का महत्त्वाचा, तर टोचणारं आधी टेबलावरून गेलं की मग उरलेल्यात हात घालायला धोका नाही. उलटं केलंत तर प्रत्येक बोळा म्हणजे लॉटरी.

८. सुई धुवायचं पाणी आणि हायपो

शाईचा रंग बदलताना सुई ज्या कपात बुडवतो ते पाणीही माखलेलंच धरायचं. थोडं असेल तर टिश्यूत शोषून पिवळ्यात. द्रव घट्ट करायची पावडर मिळते, एक चमचा टाकली की जेलीसारखं होतं, तीही चालते. कप मोठा असेल आणि पाणी जास्त असेल तर एकूण १ टक्का होईल एवढा हायपो घालून ठेवा, ३० मिनिटं थांबा, मग ड्रेनेजमध्ये. पावसाचं पाणी जातं त्या उघड्या गटारात नाही.

हायपोचं गणित लोक अंदाजे करतात, ते करू नका. कॅनवर टक्के लिहिलेले असतात. ५ टक्क्यांचा असेल तर १ मग हायपोला ४ मग पाणी, झाला १ टक्का. १० टक्क्यांचा असेल तर १ ला ९. आणि मघाशी म्हटलेल्या कपात ५ टक्क्यांचाच हायपो घालणार असाल तर कपात जेवढं पाणी त्याच्या पाव भाग. रोज नवीन करायचं, कालचं उरलेलं ओतून द्या, उन्हाने आणि उकाड्याने त्याचा जोर जातो, मे महिन्यात तर बघायलाच नको. कॅन अंधारात ठेवा.

तीन गोष्टींपासून सांभाळा. बाथरूम साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये हायपो मिसळला की क्लोरीनचा गॅस होतो, बंद गाळ्यात जिवावर बेतू शकतं, आणि सफाईला येणाऱ्या मावशींना हे कुणी सांगितलेलं नसतं, तेव्हा तुम्ही सांगा. स्पिरिटमध्ये मिसळायचा नाही. आणि मशीनला, ग्रिपला लावायचा नाही, अ‍ॅल्युमिनियम खातो तो.

सुयांच्या डब्यात हायपो ओतायची जुनी पद्धत काही ठिकाणी सांगतात. डबा कंपनी नेणार असेल तर गरज नाही, उलट नेताना सांडतो. कोरडाच बंद करा.

९. ठेवायचं कुठे, किती दिवस

पिवळी पिशवी ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायची नाही, हे नियमात आहे. छोट्या स्टुडिओची अडचण अशी की पिशवी भरायलाच आठवडा लागतो. भरायची वाट बघायची नसते, लहान पिशवी घ्या आणि गाडीच्या दिवशी आहे तेवढी बांधून द्या. गाडी रोज येत नसेल तर करार करतानाच वार ठरवून घ्या आणि मोठी कामं त्या वाराच्या आदल्या दिवशी घ्या, हे जमतं, सवय लागते. सुयांचा डबा मात्र खुणेपर्यंत भरेपर्यंत ठेवता येतो, टोचणार नाही आणि सांडणार नाही एवढी काळजी घेऊन.

जागा कुलूप लागेल अशी हवी. पँट्रीत नको, शाईच्या कपाटाशेजारी नको, जिन्याखाली उघड्यावर तर नकोच, कुत्री मांजरं पिशवी फाडतात. पिशवीची मान पिळून टायने बांधा, नुसती गाठ सुटते. बारकोड, तारीख, स्टुडिओचं नाव बाहेरून दिसलं पाहिजे.

वहीत तारीख, रंग, वजन, नेणाऱ्याची सही. गाडीवाला घाईत असतो, सही राहते, त्याला थांबवा. ऑथरायझेशन घेतलं असेल तर ही नोंद ५ वर्षं ठेवावी लागते आणि मागच्या वर्षाचा रिपोर्ट फॉर्म ४ मध्ये दरवर्षी ३० जूनच्या आत मंडळाला द्यायचा असतो.

१०. सुई टोचलीच तर

वापरलेली सुई स्वतःला, हेल्परला, मावशींना कुणालाही टोचली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही (आपोआप जातं, लक्ष ठेवा), हायपो किंवा स्पिरिट चोळायचं नाही. मग सरळ मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, पुण्यात ससून, मुंबईत केईएम, कोल्हापुरात सीपीआर, संभाजीनगरला घाटी. तिथे "वापरलेली सुई टोचली, पीईपी हवी का बघा" असं स्पष्ट सांगा. एचआयव्ही रोखायची ही औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, शक्यतो २ तासांत, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि २८ दिवस घ्यायची असतात. "उद्या बघू" नको. रात्री कुठे जायचं सुचलं नाही तर १०९७ ही एड्स हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

किती घाबरायचं? हॉस्पिटलमधल्या सुयांवरून जे आकडे आहेत त्यात एचआयव्ही बाधित रक्ताची सुई टोचल्यावर लागण व्हायची शक्यता साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस सी ची १.८ टक्क्यांच्या आसपास, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी ची ६ ते ३० टक्के. आपली सुई पोकळ नसते, भरीव असते, त्यामुळे रक्त कमी चिकटतं, पण शून्य नाही. आकडे बघितलेत तर कळेल खरी भीती कशाची आहे, आणि नेमकी तिच्यावरच लस आहे. हिपॅटायटिस बी चे तीन डोस, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. स्टुडिओ उघडायच्या आधी पहिला डोस घ्या, हेल्परचाही तुमच्या पैशाने घ्या. नंतर अँटिबॉडीची टेस्ट करा, १० च्या वर आली पाहिजे.

क्लायंटला "तुम्हाला काही आहे का" विचारून त्यावर भिस्त ठेवू नका. बऱ्याच जणांना स्वतःलाच माहीत नसतं. सगळ्यांचं रक्त सारखंच धरायचं.

११. सुटून जाणाऱ्या जागा

गेस्ट आर्टिस्ट. दोन दिवसांसाठी बाहेरचा माणूस येतो, त्याची पद्धत वेगळी, आणि जाताना तुमच्या डब्यात काय टाकून गेला कळत नाही. खुर्ची भाड्याने देताना पैशाचं बोलता तेव्हाच डब्याचंही बोला.

कन्व्हेन्शन, कॉलेजचे फेस्ट, जत्रेतला स्टॉल. तिथे आयोजक "डस्टबिन आहे" म्हणतात, ते डस्टबिन पत्रावळ्यांचं असतं. आधीच लेखी विचारा, तिथला बायोमेडिकल कचरा कोण उचलणार. कुणीच नाही म्हणाले तर मी तरी स्टॉल घेत नाही.

एक्स्पायर झालेली शाई. बाटली उघडली नसेल तर तिचा रक्ताशी संबंध नाही, बायोमेडिकलमध्ये घालू नका. झाकण घट्ट करून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि रंगाचे डबे, बॅटऱ्या असा घातक कचरा महापालिका जिथे घेते तिथे द्या.

आणि क्लायंटच्या अंगावरची फिल्म. सेकंड स्किन लावून घरी गेला की दोन-चार दिवसांनी तो ती काढतो, आत शाई आणि प्लाझ्माचं काळपट पाणी साठलेलं असतं, आणि ती बाथरूमच्या डब्यात जाते, तिथून ताईंच्या हातात. पुण्यात सॅनिटरी पॅडसाठी जी लाल ठिपक्याची पद्धत आहे तीच सांगा, फिल्म कागदात गुंडाळायची, वर पेनाने लाल ठिपका काढायचा, वेगळी द्यायची. मी आफ्टरकेअरच्या कार्डावर हे एका ओळीत छापून घेतलंय, "पाण्यात भिजवू नका, खाजवू नका" याच्या खाली.